घरचं नेटवर्क (भाग ६) : वॅनच्या पानावर काय भरायचं?

मागच्या भागात राउटरच्या घरातल्या बाजूचे पत्ते पाहिले. ते ठरवणं सर्वस्वी आपल्या हातात होतं. बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा पत्ता मात्र इंटरनेट देणारी कंपनी ठरवते. तो कसा मिळवायचा, एवढंच आपण राउटरला सांगतो. त्यामुळे या पानाला हात लावण्याआधी कंपनीला किंवा केबलवाल्याला एकच प्रश्न विचारा : जोडणी डायनॅमिक, स्टॅटिक की पीपीपीओई?

डायनॅमिक असेल तर भरण्यासारखं काही नसतं. राउटर डीएचसीपीने पत्ता मागतो, तो ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि साधारण अर्धी मुदत उलटली की राउटर ती आपणहून वाढवून घेतो.

स्टॅटिकमध्ये पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस कंपनीकडून लेखी घ्या आणि जसेच्या तसे उतरवा. मास्क २५५.२५५.२५५.२५२ दिलेला असताना सवयीने शेवटी शून्य टाकलं, तरी नेट बहुधा चालतं. म्हणूनच ही चूक सापडत नाही. त्या मास्कमुळे शेजारच्या इतर ग्राहकांचे पत्तेही राउटरला आपल्याच नेटवर्कमधले वाटतात. त्यांचा डेटा तो गेटवेकडे न देता त्यांना थेट शोधत बसतो आणि तेवढेच पत्ते लागत नाहीत.

आपल्याकडे फायबर घेतलेल्या पुष्कळ घरांत पीपीपीओई असतं. यात यूजरनेम आणि पासवर्ड लागतो. इथे एमटीयूचा रकाना नीट बघा. इथरनेटवर एका पॅकेटात १५०० बाइट मावतात. त्यातले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. तिथे १५०० राहिले तर काही साइट झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. अशा वेळी लोक वायफायला दोष देतात, राउटर या खोलीतून त्या खोलीत हलवतात. आधी हा आकडा तपासा. आणि राउटरमागच्या भोकात पिन घालून रिसेट करण्याआधी यूजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. रिसेटने तो पुसला जातो, आणि रविवारी रात्री तो सांगायला कोणी फोन उचलत नाही.

कंपनीच्या ओएनटीमध्येच, म्हणजे फायबर जिथे जोडलेली असते त्या डब्यातच, लॉगिन भरलेलं असेल, तर त्याच्यामागे जोडलेला तुमचा राउटर डायनॅमिकवर ठेवा. दोन्हींचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर तुमच्या राउटरचा बदलून १९२.१६८.५०.१ करा; नाहीतर दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क पाहून राउटर अडकतो.

आता सेव्ह करून स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता वाचा. ०.०.०.० म्हणजे पत्ता मिळालेलाच नाही. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरुवात होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात : आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडू लागल्यावर २०१२ साली हा पट्टा खास यासाठी राखून ठेवला गेला आणि एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जाऊ लागला. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. पण दुकानातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर बाहेरून थेट बघायला पोर्ट कितीही उघडलेत तरी उपयोग नाही. कंपनीकडून सार्वजनिक स्टॅटिक पत्ता घ्यावा लागेल, त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. असा पत्ता ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात पोर्ट फॉरवर्डिंग.