नाण्यांचीं छायाचित्रें : प्रकाशाची दिशा व अक्षरांचें वाचन

नाण्यांवरील लेखांच्या वाचनासंबंधीं जे मतभेद उत्पन्न होतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ नाण्यांत नसून नाण्याच्या छायाचित्रांत असतें. संग्राहकापाशीं मूळ नाणें असतें व तें तो हवें तसें उजेडांत फिरवून पाहूं शकतो. दूरच्या अभ्यासकास मात्र केवळ चित्रावर विसंबावें लागतें. चित्र सदोष असल्यास त्यास नसलेलें अक्षर दिसतें, किंवा असलेलें दिसत नाहीं. याहूनहि घातक असा दुसरा परिणाम होतो तो प्रत्यक्ष नाण्यावर. चित्रांत अक्षरें उठत नाहींत असें पाहून संग्राहक नाण्यासच दोष देतो, आणि चिंच व मीठ किंवा राख लावून तें घासून काढतो. तांबें चकाकूं लागतें खरें. परंतु शतकांनीं चढलेलें काळपट हिरवें पुट जातें, व त्याबरोबर अक्षरांच्या ज्या सूक्ष्म कडा शिल्लक होत्या त्याहि जातात. गेलेली कड कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. म्हणून चित्रासाठीं नाणें बदलूं नये, प्रकाश बदलावा, हें तत्त्व या लेखांत सोदाहरण मांडण्याचें योजिलें आहे.

१. दिव्याची दिशा

झिजलेल्या तांब्याच्या नाण्यावर अक्षर आणि त्याची पार्श्वभूमि यांच्या रंगांत भेद असा नसतोच. अक्षराचा उठाव मिलिमीटरच्या कांहीं दशांशांइतका, किंवा त्याहूनहि कमी असतो. तेव्हां अक्षर दिसतें तें केवळ त्याच्या एका कडेवर पडणाऱ्या उजेडामुळें व दुसऱ्या कडेच्या छायेमुळें. आतां छाया पडते ती प्रकाशाच्या वाटेस आडव्या येणाऱ्या कडेचीच. जी रेघ प्रकाशाच्या दिशेस समांतर असते तिची छाया पडत नाहीं, आणि चित्रांत ती बहुतेक नाहींशी होते.

देवनागरी लिपीच्या बाबतींत या साध्या नियमाचे परिणाम फार मोठे आहेत. कारण ही लिपि उभ्या आणि आडव्या रेघांनीं भरलेली आहे. दिशा सांगण्यास घड्याळाची भाषा सोयीची पडते. नाण्याचा माथा म्हणजे १२ चा आंकडा असें मानावें. दिवा ९ वर, म्हणजे डाव्या बाजूस, ठेवला असतां काने व दंड ठळक उठतात, परंतु शिरोरेषा पुसट होतात. दिवा १२ वर ठेवला असतां शिरोरेषा स्पष्ट होतात व काने लोपतात.

शिवराईचेंच उदाहरण घेऊं. हिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें तीन ओळींत व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें दोन ओळींत असतात. माथ्याकडून प्रकाश टाकल्यास ‘राजा’ या शब्दांतील दोन्ही काने अस्पष्ट होऊन ‘रज’ एवढेंच उरल्याचा भास होऊं शकतो. वेलांटीची गोष्ट अधिक नाजूक आहे. ती ऱ्हस्व कीं दीर्घ हें तिची उभी रेघ अक्षराच्या कोणत्या बाजूस आहे यावरून ठरतें. तीच रेघ लोपली कीं केवळ वरची कमान शिल्लक राहते, आणि निर्णयास आधार उरत नाहीं. शिवराईचे संग्राहक ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ किंवा ‘छत्रपति’, ‘छत्रपती’ अशा लेखनभेदांवरून प्रकार पाडतात. शिवाय पुष्कळ शिवरायांची चकती ठशाहून लहान असल्यामुळें मूळचींच कांहीं अक्षरें कडेबाहेर गेलेलीं असतात. अशा स्थितींत एकाच दिशेच्या प्रकाशांतील एका चित्रावरून नवा प्रकार प्रसिद्ध करणें धोक्याचें आहे. दुदांडी शिवराईचें तर नांवच तिच्यावरील दोन समांतर आडव्या रेघांवरून पडलें आहे. आणि झिजलेल्या नाण्यावर नेमक्या याच रेघा बाजूच्या प्रकाशांत प्रथम नाहींशा होतात.

यावर उपाय सोपा आहे. नाणें व कॅमेरा दोन्ही अचल ठेवून केवळ दिवा हलवावा, आणि निदान तीन चित्रें घ्यावीं: एक ९ वरून, एक १२ वरून व एक १० आणि ११ यांच्या मधून. एकच चित्र छापावयाचें असेल तर तिसरें छापावें. त्यांत उभ्या व आडव्या दोन्ही रेघांस न्याय मिळतो. मात्र डावीकडून उजवीकडे तिरप्या उतरणाऱ्या रेघा, उदाहरणार्थ ‘र’ चा पाय, या चित्रांत फिक्या पडतात. संशय आल्यास १ व २ यांच्या मधून चौथें चित्र घ्यावें. दिवा खालून, म्हणजे ६ च्या बाजूनें, कधींहि ठेवूं नये. प्रकाश वरून येतो अशी आपल्या दृष्टीची संवय असल्यामुळें खालून उजळलेलीं उठावाचीं अक्षरें खोदल्यासारखीं भासतात.

दुहेरी छापाच्या नाण्यांस हा नियम विशेष लागू पडतो. नासिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. त्यांतील १३,००० हून अधिक नाण्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता. अशा नाण्यावर वरचा छाप ठळक व खालचा दबलेला असतो. जो प्रकाश चैत्याची आकृति उठावदार करतो तोच तिच्या छायेंत नहपानाच्या मुखाचा किंवा जुन्या लेखाचा अवशेष बुडवूं शकतो. येथें दिवा एका फेऱ्यांत सर्व बाजूंनीं फिरवून पाहिल्यावांचून ‘खालचा छाप दिसत नाहीं’ असें लिहूं नये.

२. दिव्याची उंची व अंतर

दिशेइतकेंच महत्त्व उंचीस आहे. फार झिजलेल्या नाण्यास दिवा नाण्याच्या पातळीपासून १० ते २० अंशांवर, म्हणजे जवळजवळ सरपटत येणारा प्रकाश, पाहिजे. ठळक छापाच्या नाण्यास ४० ते ५० अंश पुरतात. तेथें दिवा फार खालीं आणल्यास एका अक्षराची छाया दुसऱ्या अक्षरावर पडते. समोरच्या बाजूस पांढऱ्या कागदाची घडी उभी केली असतां गडद छायांत थोडा उजेड परत येतो व त्यांतील तपशील वांचतो.

दिवा नाण्याच्या अगदीं जवळ ठेवण्याचा मोह टाळावा. २ सें.मी. रुंदीचें नाणें दिव्यापासून १० सें.मी. वर असल्यास त्याची जवळची कड दूरच्या कडेपेक्षां सुमारें दीडपट उजळते. तेंच अंतर ४० सें.मी. केलें असतां हा फरक १० टक्क्यांवर येतो.

चांदी व सोनें यांची अडचण निराळी आहे. त्यांवर दिव्याचेंच प्रतिबिंब उमटून पांढरे डाग पडतात. दिवा व नाणें यांच्यामध्यें ट्रेसिंग कागद धरल्यास हे डाग मऊ होतात. चकचकीत व कमी उठावाच्या नाण्यास, विशेषतः होनासारख्या लहान सुवर्णनाण्यास, दुसरी युक्ति आहे. भिंग व नाणें यांच्यामध्यें स्वच्छ कांच ४५ अंशांत तिरपी धरावी, व दिवा बाजूनें कांचेवर टाकावा. कांचेवरून परतलेला प्रकाश सरळ खालीं नाण्यावर पडतो. त्यामुळें सपाट भाग उजळतो व अक्षरांच्या उतरत्या कडा काळ्या रेघांनीं आंखल्याप्रमाणें दिसतात.

याच अडचणीस्तव पूर्वीं पाश्चात्य संग्रहालयांच्या नाणेसूचींत पुष्कळदां नाण्यांऐवजीं त्यांच्या प्लास्टरच्या ठशांचीं छायाचित्रें देत. सर्वत्र एकच पांढरा रंग असल्यानें उठाव उत्तम दिसे. परंतु धातूचा रंग, पुट, व कृत्रिम डागडुजीच्या खुणा यांचा मागमूस राहत नसे. आज ठसा घेण्याचें कारण उरलें नाहीं, आणि तो घेतांना नाण्यास होणारी इजाहि टळते.

३. भिंग व कॅमेरा

जवळच्या वस्तूंसाठीं बनविलेलें मॅक्रो भिंग असल्यास उत्तम. ३६ × २४ मि.मी. चा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर असें भिंग नाण्याची पूर्ण आकाराची प्रतिमा पाडतें; सुमारें २० मि.मी. व्यासाची शिवराई तींत नेमकी बसते. भिंगाची नाभि १०० मि.मी. च्या आसपास असावी. पूर्ण आकाराचें चित्र घेतांना अशा भिंगाच्या टोकापासून नाणें सामान्यतः १३ ते १५ सें.मी. दूर राहतें, व दिवा फिरविण्यास जागा मिळते. ५० मि.मी. च्या भिंगांत हें अंतर इतकें कमी होतें कीं भिंगाचीच छाया नाण्यावर पडते.

भिंगाचें छिद्र जितकें लहान तितकें चित्र स्पष्ट, ही समजूत येथें फसवी ठरते. पूर्ण आकाराच्या प्रतिमेंत छिद्रांक दुप्पट झाल्याप्रमाणें वागतो; एफ ८ हा एफ १६ होतो, व एफ २२ हा एफ ४४. इतक्या लहान छिद्रांतून जातांना प्रकाश पसरतो व सूक्ष्म कडा बोथट होतात. एफ ८ वर सुमारें १ मि.मी. खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येतो, आणि सपाट नाण्याच्या उठावास तो पुरतो.

मात्र त्यासाठीं नाणें व सेन्सर अगदीं समांतर पाहिजेत. याची परीक्षा आरशानें होते. नाण्याच्या जागीं लहान सपाट आरसा ठेवून कॅमेऱ्यांतून पाहावें. भिंगाचें प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागीं आलें म्हणजे समांतरता साधली. कॅमेरा खांबास घट्ट बसवावा, व कळ हातानें न दाबतां विलंबाची योजना वापरावी. नाणें बुचाच्या लहान तुकड्यावर उचलून ठेवल्यास त्याची छाया पार्श्वभूमीवर दूर पडते व कड स्वच्छ दिसते.

ज्यांच्यापाशीं केवळ मोबाइलचा कॅमेरा आहे त्यांनींहि निराश होऊं नये. तो नाण्यास चिकटवूं नये. थोडें मागें जाऊन मोठेपणा वाढवावा, यंत्राचा स्वतःचा झोत बंद ठेवावा, व दिवा वरील नियमानें बाजूस धरावा. चित्र आपोआप तीक्ष्ण करण्याची सोय मात्र बंद करावी. ती कडांभोंवतीं नसलेल्या रेघा निर्माण करते, आणि आपला प्रश्न तर रेघ आहे कीं नाहीं हाच असतो.

४. चित्राबरोबरची नोंद

छायाचित्र हेंहि एक साधन आहे. आणि कागदाखालीं जसा त्याचा ठावठिकाणा लिहितात तसा चित्राखालीं त्याचा वृत्तांत पाहिजे. नाण्याचें वजन व व्यास, दिवा किती वाजण्याच्या दिशेस होता, आणि त्याची अदमासें उंची इतकें लिहिल्यास वाचकास कोणत्या रेघांवर विश्वास ठेवावा हें कळतें. मोजपट्टी नाण्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळींत ठेवावी. खालीं ठेवल्यास माप चुकतें. दुसरी बाजू घेतांना नाणें उभ्या अक्षावर फिरवावें, म्हणजे दोन्ही ठशांचा परस्पर कोन नोंदतां येतो. मूळ चित्र जसेंच्या तसें जतन करावें, व सुधारणा प्रतीवर कराव्या.

हेंच तत्त्व संगणकाच्या साह्यानें पुढें नेणारी एक पद्धति २००१ सालीं टॉम माल्झबेंडर व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेंतून प्रसिद्ध केली. कॅमेरा स्थिर ठेवून निरनिराळ्या दिशांच्या प्रकाशांत अनेक चित्रें घ्यावयाचीं, व तीं एकत्र करून पडद्यावर प्रकाशाची दिशा इच्छेप्रमाणें फिरवावयाची. २००५ सालीं ग्रीसमधील अँटिकिथेरा यंत्राच्या गंजलेल्या तुकड्यांवरील बारीक अक्षरें वाचण्यास तिचा उपयोग झाला. एवढी सामग्री प्रत्येकापाशीं नसली तरी चार दिशांचीं चार चित्रें हें त्याच पद्धतीचें गरीबाघरचें रूप होय.

ताम्रपटांवरील खोदीव अक्षरांस हाच नियम लागतो. फरक एवढाच कीं तेथें छाया दिव्याकडील कडेच्या आंत पडते. कागदावर जेथें मूळ अक्षर खरडून दुसरें लिहिल्याचा संशय असेल, तेथेंहि सरपटता प्रकाश कागदाचा खरवडलेला पृष्ठभाग उघड करतो.

तेव्हां ज्यांच्या संग्रहीं न वाचलेलीं, झिजलेलीं नाणीं आहेत त्यांनीं तीं घासण्यापूर्वीं एकदां अंधाऱ्या खोलींत एका दिव्याखालीं फिरवून पाहावीं, आणि ज्या दिशेस अक्षर उठलें ती दिशा लिहून ठेवावी. जें अक्षर दोन निरनिराळ्या दिशांच्या प्रकाशांत टिकतें तें वाचनांत घ्यावें. जें एकाच दिशेस दिसतें त्यापुढें प्रश्नचिन्ह घालावें.