शाळेत नाव घातलं, पुढं काय?



दिवाळी झाली की कोल्हापूरच्या आसपास वीटभट्ट्या सुरू होतात. लांबून बिऱ्हाडं येतात. आईबाप माती कालवतात, विटा पाडतात. थोरली पोर धाकट्याला सांभाळते, कच्च्या विटाही उलटते. गावाकडच्या शाळेत तिचं नाव असतं, पण ते नुसतं पटावर. पाऊस तोंडावर आला की बिऱ्हाड परत जातं, तोवर शाळेचं वर्ष बुडालेलं असतं.

अशा पोरांसाठी कोल्हापुरात वर्षानुवर्षं झटणाऱ्या कार्यकर्त्या म्हणजे ‘अवनि’ संस्थेच्या अनुराधाताई भोसले. लहानपणी त्यांनीही मजुरी केली आणि कष्ट करतच शिक्षण घेतलं. ‘अवनि’नं शाळा भट्टीवरच नेली. ज्यांना घरचा आधार नाही, त्यांच्यासाठी बालगृह चालवलं.

या कामातून आम्हाला एक गोष्ट उमगली. छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळालं म्हणजे पोर शिकतंच असं नाही. दाखला नाही म्हणून प्रवेश अडतो. दहा वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नसते, मग लाजून ती शाळाच टाळते. अशा वेळी तिच्या पाठीशी एक तरी मोठं माणूस लागतं. शाळेत जाऊन गुरुजींना भेटणारं, ती गैरहजर का, हे विचारणारं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं खास शिकवून भरून काढायचं. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आता आपण काय करायचं?

निराधार किंवा राबवून घेतलं जाणारं मूल दिसलं, तर 1098 ला फोन करा. तो फुकट लागतो. मूल परस्पर कुणाच्या हवाली करू नका. त्याला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं.

बाप गेला, घरात अडचण आहे, पण आई किंवा आजी सांभाळायला तयार आहे? मग केवळ गरिबीपायी मूल संस्थेत धाडू नका. बालसंगोपन योजनेतून पात्र मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करा.

बालगृहातली मुलगी 18 वर्षांची झाली की तिला तिथून निघावं लागतं. नेमकी तेव्हाच बारावी, नाहीतर कॉलेज. तिच्यासाठी 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. ती वेळेत मागायला हवी, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत लग्नाच्या घाईत वाया जाते.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच विचारा: आपल्या गावात, शिवारात, भट्टीवर शाळेत न जाणारं पोर कोण? आणि त्याची चौकशी करायला आपल्यातली कोण जाणार?