सांध्यांचे शास्त्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळ, टोपी बाजार आहे. तेथील एखाद्या दुकानात गिऱ्हाइकाने दोनशे रुपयांचा जिन्नस घेतला, क्यूआर कोडापुढे मोबाइल धरला आणि आपला गुप्त अंक दाबला, असे समजा. त्याला बँकेचा निरोप आला की, खात्यातून दोनशे रुपये वजा झाले. दुकानदाराच्या फळीवरचे बोलके यंत्र मात्र मुके राहिले. गिऱ्हाईक म्हणते, मी पैसे दिले. दुकानदार म्हणतो, मला मिळाले नाहीत. दोघेही खरेच बोलत आहेत! असा तंटा का उद्भवतो आणि तो सोडविण्याची तजवीज आधीच कशी करून ठेवावी, याचा विचार करणारी जी विद्या, तिला प्रणाली-अभियांत्रिकी म्हणतात.

पैसे देण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. वरवर पाहता व्यवहार दोघांचा. परंतु त्यात गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधील आज्ञावली, त्याची बँक, दुकानदाराची बँक आणि या सर्वांच्या मध्ये निरोपांची ने-आण करणारे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन इतके जण गुंतलेले असतात. आधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, मग दुकानदाराच्या खात्यात जमा होते. हा क्रम उलटा ठेवला असता, तर रक्कम जमा झाल्यावर गिऱ्हाइकाचे खाते रिकामे निघाल्यास तो खड्डा कोणी भरावयाचा, हा प्रश्न उभा राहिला असता.

आता खरी अडचण पाहा. जमा करण्याचा निरोप दुकानदाराच्या बँकेकडे गेला. उत्तर काही परत आले नाही. निरोपच पोचला नाही, की रक्कम जमा होऊन केवळ उत्तर वाटेत हरवले? मधल्याला हे कळण्यास तत्काळ मार्ग नाही. पुन्हा निरोप धाडावा, तर रक्कम दोनदा जमा होण्याचे भय. न धाडावा, तर दुकानदार उपाशी. यावरचा उपाय जुन्या पेढीवरील मुनीमही सांगेल: प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवी नोंद न करता पहिलेच उत्तर पुन्हा सांगावे. यात विलक्षण गणित नाही. मात्र हा करार दोन बँकांच्या दरम्यानचा आहे. एका बँकेची आज्ञावली कितीही निर्दोष लिहिली, तरी तो एकटीने पाळता येत नाही.

आणि उपाय केवळ यंत्रातच असतो असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की, यूपीआयने दुकानदारास पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानी पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत झाली पाहिजे. विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई. हा नियमही प्रणालीचाच एक भाग होय. परंतु दुकानदारापुढचा प्रश्न पाच दिवसांचा नसतो, आत्ताचा असतो: माल द्यावा की नाही? गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील चित्र बनावट असू शकते, आणि गर्दीत स्वतःचा मोबाइल उघडून पाहण्यास हात मोकळे नसतात. म्हणून ते बोलके यंत्र आले. त्याचाही जोड वेगळ्याच वाटेने येतो. पैसे जमा होऊनही ते गप्प राहू शकते. एक सांधा बुजवावा, तर दुसरा उघडतो, हे या विषयाचे नित्याचे लक्षण.

या सांध्यांची किंमत कधी फार मोठी पडते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या सुमारास नष्ट झाले. त्यातील दिशादर्शक आज्ञावली एरियान-४ या रॉकेटावर व्यवस्थित चाललेली होती. नव्या रॉकेटाचा आडवा वेग अधिक. त्यामुळे ६४ बिटांतील एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तीच आज्ञावली! जुना भाग जुन्या जागी बरोबर होता; नव्या जागी त्याला काय सोसावे लागेल, हे पुरेसे तपासले गेले नाही.

ग्वाल्हेरात १९५७ सालापासूनचे माधव इन्स्टिट्यूट आहे आणि १९९७ साली स्थापन झालेली, अटलबिहारी वाजपेयींचे नाव धारण करणारी माहिती-तंत्रज्ञानाची संस्थाही आहे. मुलाने संगणकाची कोणती भाषा शिकावी, असे पालक हटकून विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. भाषा काही महिन्यांत हाती येते, आणि बदलतेही. गरज नेमकी शब्दांत मांडणे, कामाचे भाग पाडणे, दोन भागांमधील करार लिहिणे, आणि तो मोडल्यास काय करावयाचे ते आधी ठरविणे, या गोष्टींना वर्षे लागतात. सोबत संभाव्यतेचे गणित हवे. शंभरातून नव्याण्णव वेळा नीट चालणारे पाच भाग एकामागोमाग जोडले आणि त्यांचे बिघाड परस्परांवर अवलंबून नसले, तर सारी साखळी शंभरातून सुमारे पंचाण्णव वेळाच चालते. प्रत्येक भागाचा कर्ता आपल्या नव्याण्णवावर खूष, आणि गिऱ्हाईक मात्र खोळंबलेले!

अभ्यासास आरंभ करण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. टोपी बाजारातील त्या एका व्यवहाराचे चित्र कागदावर काढावे. कोण कोणास काय सांगतो, याचे बाण दाखवावेत. मग एकेक बाण खोडून पाहावे की, हा निरोप गेलाच नाही, तर दोन्ही खात्यांत काय दिसेल, कोणास काय वाटेल आणि चूक प्रथम कोणाच्या ध्यानी येईल. उत्तराचा बाण खोडताना विशेष सावकाशीने पाहावे. बहुतेक विद्यार्थी तो काढावयासच विसरतात.