बोंडावरचे बरे न होणारे इसब

स्तनाचा कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येते ती गाठ. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवावे, हे आता वाडी-वस्तीवरच्या भगिनींनाही ठाऊक झाले आहे. परंतु या रोगाचा एक विरळा प्रकार असा आहे की तो पुष्कळदा गाठीच्या नव्हे, तर साध्या त्वचारोगाच्या रूपाने समोर येतो. बोंडाला खाज सुटते, खपली धरते आणि बाई महिनोन् महिने मलम लावीत राहते. या प्रकाराला पॅजेटचा रोग म्हणतात.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली अशा सुमारे १५ स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. आधी बोंडावर बरा न होणारा चट्टा आणि पुढे जास्तीत जास्त दोन वर्षांत त्याच स्तनात कर्करोग, असा क्रम त्यांना आढळला. हाडांच्या एका विकारालाही त्यांचेच नाव आहे, पण त्या विकाराचा आणि याचा काही संबंध नाही.

स्तनाच्या शंभर कर्करोगांत पॅजेटचे प्रमाण एक ते तीन इतकेच असते. तो बहुधा पन्नाशीनंतर होतो, पण तरुण वयातही होऊ शकतो. क्वचित पुरुषांनाही होतो.

दिसतो कसा?

सुरुवातीला एकाच बाजूच्या बोंडाला खाज, आग किंवा चुणचुण होते. मग बोंड लालसर होते, पापुद्रे सुटतात, लस येते आणि खपली धरते. खपली निघाली की खाली ओली, लाल जागा दिसते. हळूहळू हा चट्टा भोवतालच्या काळसर वर्तुळावर पसरतो. काहींचे बोंड चपटे होते किंवा आत ओढले जाते. काहींच्या बोंडातून रक्तमिश्रित पाणी येते. निम्म्या रुग्णांच्या हाताला गाठ लागते, निम्म्यांच्या लागत नाही. म्हणून ‘गाठ नाही ना, मग काळजी कसली?’ हा समज येथे घातक ठरतो.

इसब की पॅजेट?

बोंडाची प्रत्येक खाज म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी स्पष्ट सांगतो. बहुसंख्य वेळा कारण साधेच असते. साधे इसब पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते, काळ्या वर्तुळापासून सुरू होते आणि औषधाने बरे होते. पॅजेट एकाच बाजूला असतो, बोंडापासून सुरू होऊन बाहेर पसरतो आणि औषधाने पुरता बरा होत नाही. अंगावर पाजणाऱ्या मातांच्या बोंडांना भेगा पडतात, त्या बाळाला धरण्याची पद्धत सुधारली की बहुधा काही दिवसांत भरून येतात.

आपल्या कर्जत-खालापूर भागात दमट हवा, घाम आणि भातलावणीच्या दिवसांतले ओले कपडे यांमुळे खाज-खरूज नित्याचीच. त्यामुळे बायका प्रथम खोबरेल तेल, हळद लावतात, मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मलमाची ट्यूब आणतात. या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, खाज थांबते, चार दिवस बरे वाटते. पण रोग तिथेच राहतो आणि मोलाचे महिने हातचे जातात.

आत काय घडते?

दुधाच्या नलिका बोंडावर येऊन उघडतात. बहुतेक रुग्णांत कर्करोग स्तनाच्या आत नलिकांमध्ये सुरू झालेला असतो आणि त्याच्या पेशी नलिकेच्या वाटेने बोंडाच्या कातडीत शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या वरच्या थरात मोठ्या, गोल, फिकट पेशी एकेकट्या किंवा पुंजक्यांनी विखुरलेल्या दिसतात. याच पॅजेट पेशी. त्या कातडीची वीण उसवतात, म्हणून लस येते. दहापैकी आठ-नऊ रुग्णांच्या स्तनात आत कर्करोग सापडतो. कधी तो नलिकेपुरताच असतो, तर कधी नलिकेबाहेर पसरलेला असतो.

तपासणी व उपचार

निदान नुसते पाहून होत नाही. जागा बधिर करून कातडीचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात, हीच बायॉप्सी. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही भीती निराधार आहे. जोडीला दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि काखेतील गाठींची तपासणी करतात. मॅमोग्राफीत काही दिसले नाही तरी बायॉप्सी टाळू नये.

रोग थोड्या भागात असेल तर बोंड, वर्तुळ आणि खालचा भाग काढून पुढे किरणोपचार देतात. पसरलेला असेल तर संपूर्ण स्तन काढावा लागतो. या रोगात हर-टू नावाचे प्रथिन पुष्कळदा वाढलेले असते, त्याची चाचणी करतात. पसरणाऱ्या कर्करोगात ते वाढलेले आढळल्यास त्यावर नेमके काम करणारे ट्रास्टुझुमॅबसारखे औषध उपयोगी पडते. रोग नलिकेपुरता असताना सापडला तर बरे होण्याची आशा फार चांगली असते. गाठ झाली आणि काखेत रोग पोहोचला की ती कमी होते.

वेळेवर तपासणीचे मोल मुंबईतच सिद्ध झाले आहे. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते.

तेव्हा भगिनींनो, महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी गाठ चाचपताना बोंडांकडेही नीट पाहा. एका बाजूचा चट्टा दोन आठवड्यांच्या औषधाने गेला नाही, किंवा जाऊन परत आला, तर दुसरी ट्यूब आणू नका. डॉक्टरांना दाखवा आणि सर्जनकडे चिठ्ठी मागा. टाटाचे खारघरचे केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात आहे. खर्चाची चिंता असेल त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी, तिच्यात कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. लाजेपोटी सासू-सुना हे दुखणे एकमेकींपासूनही लपवतात. घरातल्या पुरुषांनी आपणहून विचारपूस केली, तर यातले पुष्कळ महिने वाचतील.