काडतुसाला चरबी कशाला?

१८५७ च्या चरबीच्या काडतुसांबद्दल शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलंय. पण चरबी लावायचीच कशाला? एनफिल्ड ही ठासणीची रायफल. काळ्या दारूची काजळी नळीतल्या पेचदार खाचांत साचे, मग पुढची शिशाची गोळी गजाने ठासताना अडके. वंगणाने काजळी मऊ राही आणि गोळी सरके. म्हणजे आपलं साधं लुब्रिकेशन! पण काडतूस दातांनी फाडायचं होतं. चरबी गाईची की डुकराची, या शंकेने शिपाई हादरले. जानेवारी १८५७ मध्ये स्वतःच्या पसंतीचं वंगण लावायची मुभा मिळाली. मेण-तेलानेही काम भागत होतं. पण तोवर विश्वास उडाला होता. लुब्रिकंट निवडताना आपण व्हिस्कॉसिटी बघतो. वापरणाऱ्यालाही आधी विचारायला नको का?