हाड बांधणारं आणि हाड खोदणारं ड जीवनसत्त्व

गटाच्या बैठकीतून उठताना कंबरेवर हात ठेवणाऱ्या बायका आता गावोगाव दिसतात. दवाखान्यात गेलं की ड जीवनसत्त्वाची, म्हणजे व्हिटॅमिन डीची पुडी मिळते. “हाडं मजबूत होतील,” असं सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. वेळ आली तर हेच जीवनसत्त्व हाड खोदून त्यातलं कॅल्शियम बाहेर काढायचाही हुकूम देतं. तो हुकूम कुणाला जातो आणि कधी जातो, ते आज आपण पाहू. एक-दोन नावं नवी आहेत, म्हणून सावकाश सांगतो.

हाड दगडासारखं वाटतं, पण ते जिवंत आहे. मातीच्या भिंतीची डागडुजी करताना आपण आधी सुटलेला भाग खरवडतो, मग नवा गिलावा देतो. हाडात हेच काम रोज चालू असतं. खरवडणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट आणि भरणाऱ्या म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. नावं जुळ्या बहिणींसारखी आहेत, गोंधळ होतो, म्हणून आपण त्यांना खोदणाऱ्या आणि बांधणाऱ्या म्हणू. रक्तपेशींच्या कुळातल्या अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळल्या की एक मोठी खोदणारी पेशी तयार होते. ती हाडाला घट्ट चिकटते, खाली आम्ल सोडते आणि विरघळलेलं कॅल्शियम रक्तात जातं. एक जागा खोदायला दोन-तीन आठवडे लागतात, ती भरून यायला मात्र काही महिने. खोदणाऱ्या थोड्या जरी वाढल्या, तरी बांधणाऱ्या मागे पडतात.

आता हुकुमाकडे येऊ. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांची एक वही असते. कोणतं प्रथिन कसं बनवायचं, याच्या सुमारे २०,००० कृती तिच्यात आहेत. वही सगळ्या पेशींत तीच, पण कोणतं पान उघडायचं हे पेशीपेशीत वेगळं. ड जीवनसत्त्व उन्हामुळे कातडीत तयार होतं. यकृतात त्यात एक बदल होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते कामाचं होतं. ते पेशीत शिरून एका खास प्रथिनाला चिकटतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. हा रिसेप्टर आपला एक जोडीदार सोबत घेतो आणि दोघे मिळून वहीतल्या ठरलेल्या जागी बसतात. गटाच्या खात्यातून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात, तसंच हे. सह्या झाल्या की काही पानं उघडतात, काही मिटतात.

गंमत अशी की खोदणारी पेशी तयार करायचा हुकूम खोदणाऱ्या पेशीकडे थेट जातच नाही. १९८८ साली जपानमध्ये तात्सुओ सुदा यांच्या गटाने हे दाखवून दिलं. त्यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी आणि हाड बांधणाऱ्या पेशी एका बशीत ठेवल्या आणि त्यात कामाचं ड जीवनसत्त्व घातलं. खोदणाऱ्या पेशी तयार झाल्या. दोन्हींच्या मध्ये पातळ पडदा घातला, तर एकही झाली नाही. म्हणजे बांधणारीनं हात लावल्याशिवाय खोदणारी उभी राहत नाही! त्या हाताचं नाव १९९८ साली कळलं, रँकल. ड जीवनसत्त्व बांधणाऱ्या पेशीच्या वहीत रँकलचं पान उघडतं, रँकल तिच्या अंगावर येतं, आणि ते शेजारच्या लहान पेशींना लागलं की त्या खोदणाऱ्या होतात.

याला आवरही आहे. बांधणाऱ्या पेशीच आणखी एक प्रथिन सोडतात, ऑस्टिओप्रोटेजेरिन. ते रँकलला मधल्यामधे पकडून ठेवतं. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन या पकडणाऱ्याच्या बाजूचं असतं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं, रँकल मोकाट सुटतं, म्हणून पन्नाशीनंतर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. “वय झालं, चालायचंच,” असं घरात म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. कारण ठाऊक आहे, तर सांभाळताही येतं.

ड जीवनसत्त्व हाड का खोदायला लावतं? कारण रक्तातलं कॅल्शियम घसरून चालत नाही. हृदयाचे ठोके आणि स्नायू त्यावर चालतात. ते कमी झालं की गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी मूत्रपिंडाला निरोप देतात आणि कामाचं ड जीवनसत्त्व वाढतं. ते आधी आतड्याला सांगतं, जेवणातलं कॅल्शियम ओढून घे. जेवणातच नसेल, तर उरते हाडांची शिल्लक. २०१२ साली बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या शास्त्रज्ञांनी अशा उंदरांचा अभ्यास मांडला, ज्यांच्या फक्त आतड्यात हा रिसेप्टर नव्हता. त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम ठीक राहिलं, हाडं मात्र रिकामी होत गेली. नुसतं रक्तातलं कॅल्शियम तपासलं असतं, तर सगळं छान दिसलं असतं.

म्हणून पुडी घेतली आणि ताटात कॅल्शियम नसलं, तर काम अर्धवट राहतं. मोठ्या बाईला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, अंगावर पाजणारीला १,२००. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० असतं, मोठ्या पेलाभर दुधात ३००च्या आसपास. नाचणीला मोड आणले तर ते अंगी जास्त लागतं. तीळ, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाल्लेली बारीक मासळीही चांगली. पालकात कॅल्शियम आहे, पण ते अंगी फार थोडं लागतं. दूध डेअरीला घालताना घरातल्या बाईचा पेला आधी बाजूला काढा, एवढा आमचा हट्ट आहे.

आता उन्हाचं. शेतात दिवसभर राबून ड कमी कसं, असं पुष्कळजणी विचारतात. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं, मग कातडीला ऊन लागणार कुठं? सकाळचं कोवळं ऊन सुखाचं, पण त्यात हे जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचं ऊन कामाचं. थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवले तरी पुष्कळ. चैत्र-वैशाखात भर दुपारी मात्र हे करू नका.

पुडीबद्दल एक सांगायचंच आहे. ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा असते. काहीजणी ती रोज घेतात. गरजेपेक्षा फार जास्त ड अंगात साठलं, तर आतड्यातून आणि हाडातूनही कॅल्शियम रक्तात येतं. मग मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ आणि मूतखडाही. पुडी हातात घेतानाच विचारून घ्या, कितीदा घ्यायची आणि किती आठवडे. आणि ज्यांना आधी मूतखडा झालाय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावं.