वाकलं की बरं वाटतं

साठीनंतर चालताना पाय भरून येतात, मुंग्या येतात. बसलं की थांबतात. असं होत असेल तर कंबरेच्या मणक्यांमधली नलिका अरुंद झालेली असू शकते. 1954 साली डच शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं. पुढे वाकल्यावर नलिका थोडी रुंदावते, नसांवरचा दाब घटतो. म्हणून बाजारापर्यंत चालणं जमत नाही, सायकल मात्र चालवता येते! असाच त्रास पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानेही होतो, पण तेव्हा नुसतं उभं राहूनही आराम पडतो. नलिका अरुंद असेल तर बहुधा नाही. एमआरआयमधला अरुंदपणा पाहून लगेच घाबरू नये. त्रास नसलेल्या अनेक वृद्धांतही तो दिसतो. आधी व्यायाम, फिजिओथेरपी. चालणंच खुंटलं तर शस्त्रक्रियेचा विचार. पण लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.